वेळकाळ ओळखणारा फोन

वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. महात्मा गांधी १९३६ साली तेथे राहावयास आले. त्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. बापूंशी तातडीने बोलता यावे, म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तो बसवला होता.

तो टेलिफोन एका जागी बसवलेला. तारेने बांधलेला. घंटी वाजली की माणसाने उठून त्याच्याजवळ जायचे. माणूस शेतात असो की झोपेत असो, घंटी तशीच वाजणार. दिवस असो की रात्र, ऊन असो की पाऊस, टेलिफोनला सारे सारखेच.

आपल्या खिशातला फोन तसा नाही. कानाशी नेला की त्याचा पडदा विझतो. आडवा धरला की चित्र आडवे होते. उन्हात नेला की पडद्याचा उजेड वाढतो. आपण शेतात असलो, तर तो सांगतो, "सावध व्हा, तुमच्या जवळपास विजा पडत आहेत."

हे त्याला कसे कळते? त्याला काय डोळे आहेत? आणि त्याला आपल्याबद्दल इतके कळावे, हे बरे की वाईट? आज आपण हे समजून घेऊ.

कोणती आष्टी?

पावसाळ्याचे दिवस आहेत. वर्ध्याच्या एस. टी. स्टँडवर दोन शेतकरी भेटतात.

"काऊन भाऊ, आष्टीले पाणी आलं का?"

"रातच्यालेच आलं ना! नाल्याले पूर होता."

झाले. दोघांना एकमेकांचे समजले. पण थोडा विचार करा. आष्टी काय एकच आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यात आष्टी आहे, तशी बीड जिल्ह्यातही आहे. सेलू आपल्याकडे आहे, तसे परभणी जिल्ह्यातही आहे. कारंजाही दोन. आपले कारंजा घाडगे, वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड.

तरी त्या शेतकऱ्याने "कोणती आष्टी?" असे विचारले नाही. का नाही विचारले? दोघे वर्ध्यात उभे होते. एकमेकांना ओळखत होते. म्हणून न सांगताच कळले.

आता घरातले उदाहरण घ्या. अंगणात पापड वाळत घातले आहेत. आभाळ भरून येते. सासू घरातून म्हणते, "अवं, तेवढं आत घे." सून धावत जाऊन पापड उचलते. "तेवढं म्हणजे काय?" असे ती विचारत नाही. आभाळ पाहिले, अंगण पाहिले, की अर्थ लागला.

आपण बोलतो ते शब्द थोडे असतात. बाकीचे आपण जागेवरून, वेळेवरून आणि माणसावरून ओळखतो. याला संदर्भ म्हणतात. संदर्भ ओळखून वागणारा माणूस आपल्याला शहाणा वाटतो. अमक्याला प्रसंगावधान आहे, असे आपण म्हणतो. तमक्याला वेळकाळ समजत नाही, असेही म्हणतो.

संगणकाला फार वर्षे वेळकाळ समजत नव्हता. त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागे. राज्य कोणते? जिल्हा कोणता? तालुका कोणता? गाव कोणते? एवढे लिहून दिले, तर तो उत्तर देणार. एक अक्षर चुकले, तर तो बीडच्या आष्टीचा पाऊस सांगणार.

मग जाणत्या लोकांच्या मनात आले, की यंत्रालाच हे ओळखता आले तर?

छातीवरचा बिल्ला

इंग्लंडमध्ये केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथल्या एका प्रयोगशाळेत १९९२ च्या सुमारास एक प्रयोग झाला. तेथे काम करणाऱ्यांनी छातीवर एक लहान बिल्ला लावला. तो बिल्ला दर १५ सेकंदांनी एक खूण पाठवी. ती खूण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची होती. प्रत्येक बिल्ल्याची खूण वेगळी. खोल्यांत ती खूण टिपणारी यंत्रे बसवली होती. त्यामुळे कोण कोणत्या खोलीत आहे, हे संगणकाला कळे.

याचा उपयोग काय? एखाद्याला टेलिफोन आला, की तो ज्या खोलीत असेल, त्याच खोलीतल्या टेलिफोनवर तो जोडून देता येई. आधी माणूस टेलिफोनकडे धावत होता. आता टेलिफोन माणसाला शोधू लागला.

पुढे १९९४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा संगणकांना नाव दिले. त्या इंग्रजी नावाचा अर्थ "संदर्भ जाणणारे" असा होतो. तेव्हा त्यासाठी खोल्याखोल्यांत यंत्रे लावावी लागत. आज ती सारी करामत एका फोनमध्ये मावली आहे.

फोनची ज्ञानेंद्रिये

आपल्याला डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा आहे. फोनलाही काही लहान लहान इंद्रिये आहेत. त्यांना सेन्सर म्हणतात.

एक सेन्सर उजेड मोजतो. फोन उन्हात नेला की पडदा अधिक उजळ होतो. अंधारात तो मंद होतो.

दुसरा सेन्सर काही जवळ आले का, हे पाहतो. तो फोनच्या वरच्या बाजूला असतो. बोलताना फोन कानाशी गेला, की तो पडदा बंद करतो. तसे केले नाही, तर आपल्याच गालाने बटणे दाबली जातील.

तिसरा सेन्सर कल आणि हिसका ओळखतो. बैलगाडीला कंदील टांगलेला आठवा. गाडी उताराला लागली की कंदील कलतो. गाडीला दणका बसला की तो हलतो. कंदिलाकडे पाहून गाडी कशी चालली आहे, हे सांगता येते. फोनमध्ये असेच एक अगदी बारीक वजन असते. ते जणू स्प्रिंगांवर तोललेले असते. फोन आडवा झाला, की ते सरकते. त्यावरून फोन चित्र फिरवतो. आपण चालू लागलो, तर पावले मोजतो.

पहा, यात जादू काहीच नाही. उजेड, अंतर, कल, हिसका. फोन एवढेच मोजतो. मोजून अंदाज बांधतो.

जागा कशी कळते?

आता मोठा प्रश्न. आपण कोठे आहोत, हे फोनला कसे कळते?

पुष्कळ लोक समजतात, की उपग्रह वरून आपल्याला पाहतो. तसे नाही. जागा सांगणारा उपग्रह आपल्याला पाहत नाही. तो फक्त बोलतो. फोन ते ऐकतो.

पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएस नावाचे उपग्रह फिरत असतात. भारतानेही २०१३ सालापासून असे उपग्रह सोडले. त्या मालिकेला नाविक म्हणतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय नेमके घड्याळ असते. तो सतत सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे. आता अमुक वेळ झाली आहे."

हा निरोप रेडिओच्या लहरींवरून येतो. या लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. तरी वरून खाली यायला थोडा वेळ लागतोच. किती वेळ लागला, त्यावरून फोन उपग्रहाचे अंतर काढतो.

पण नुसत्या अंतरावरून जागा कशी कळणार? समजा, एक पाहुणा वाट चुकला. तो म्हणतो, "मी वर्ध्यापासून २० किलोमीटरवर आहे." वर्ध्याभोवती २० किलोमीटरचे रिंगण काढा. पाहुणा त्या रिंगणावर कोठेही असेल. मग तो पुलगावपासूनचे अंतर सांगतो. पुलगावभोवती दुसरे रिंगण काढा. दोन रिंगणे दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील. आता तो हिंगणघाटपासूनचे अंतर सांगतो. तिसरे रिंगण काढले, की एकच जागा उरते. पाहुणा सापडला!

फोनही असेच करतो. फोनचे घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतके नेमके नसते. ती चूक काढायला आणखी एक उपग्रह लागतो. म्हणून निदान चार उपग्रहांचे निरोप ऐकू यावे लागतात. मोकळ्या शेतात ते चांगले ऐकू येतात. घरात, छपराखाली नीट ऐकू येत नाहीत. तेव्हा जागेत चूक होते.

फोनची जागा मोबाइलच्या टॉवरवरूनही कळते. पण खेड्यात टॉवर दूर दूर असतात. त्यामुळे तो अंदाज ढोबळ असतो.

तुरळक ठिकाणी म्हणजे कोठे?

आता या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय, ते पाहू.

रेडिओवर हवामानाचा अंदाज आपण ऐकतो. "विदर्भात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस पडण्याची शक्यता आहे." अंदाज खोटा नसतो. पण विदर्भ केवढा मोठा! ते तुरळक ठिकाण कोणते? माझे शेत त्यात आहे काय? हे त्या वाक्यात नसते. म्हणून ऐकणारा ऐकतो आणि निंदणाला निघून जातो.

आपल्या देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांवर माणसे मरतात. त्यात शेतात काम करणारे पुष्कळ असतात. पाऊस आला, की ती झाडाखाली जातात. तेथेच घात होतो.

पुण्याला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. या संस्थेने दामिनी नावाचे ॲप तयार केले. दामिनी म्हणजे वीज. वीज पडते, तेव्हा तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात. जुन्या रेडिओवर गाणे ऐकताना वीज चमकली, की खर्र असा आवाज येई. तो याच लहरींचा. या लहरी टिपणारी ऐंशीहून अधिक यंत्रे देशभर बसवली आहेत. वीज एकच, पण तिची लहर जवळच्या यंत्राला आधी आणि दूरच्या यंत्राला नंतर पोचते. त्या वेळांच्या फरकावरून वीज कोठे पडली, ते काढता येते.

उपग्रहाचे गणित आठवले ना? तेथे बोलणारे अनेक, ऐकणारा फोन एक. येथे बोलणारी वीज एक, ऐकणारी यंत्रे अनेक. गणित तेच.

विजेची जागा कळली. फोनची जागाही कळली. आता दोहोंतले अंतर काढायचे. आपल्या २० किंवा ४० किलोमीटरच्या परिसरात विजा होत असल्या, तर दामिनी सावध करते. आष्टी आपल्या जिल्ह्याच्या वायव्येला आहे. समुद्रपूर आग्नेयेला आहे. समुद्रपूरकडे विजा होत असल्या, तर समुद्रपूरच्या शेतकऱ्याला इशारा मिळेल. आष्टीच्या शेतकऱ्याला त्या वेळी काम सोडून पळावे लागणार नाही. ज्याचे त्याला, ज्या वेळचे त्या वेळी. संदर्भ जाणण्याचा फायदा तो हाच.

मेघदूत नावाचे दुसरे एक ॲप २०१९ साली सुरू झाले. ते हवामान आणि पिकांचा सल्ला जिल्ह्यानुसार देते. तेथे आपला जिल्हा आपण निवडायचा असतो. म्हणजे काही गोष्टी फोनला आपण सांगतो, काही तो स्वतः ओळखतो.

फोन चुकतो तेव्हा

फोन हुशार झाला, म्हणून आपण डोळे मिटून चालू नये. फोनला फोनची जागा कळते. तुमची नव्हे. फोन घरी खुंटीला लावलेल्या पिशवीत राहिला आणि तुम्ही दुसऱ्या गावाला गेला, तर तो घराचाच विचार करणार. बॅटरी संपली, तर तो मुका. रेंज नसली, तर उपग्रह ऐकू येतील, पण विजेची बातमी येणार नाही. आणि पहिलीच वीज तुमच्या शेतात पडली, तर इशारा यायला वेळच मिळणार नाही.

म्हणून फोनचा इशारा घ्या. पण आभाळही पहा.

वीज चमकली की मनात सेकंद मोजा. गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. नऊ मोजले, तर वीज तीन किलोमीटरवर पडली. तीसपर्यंत मोजायच्या आत गडगडाट आला, तर धोका आहे. काम सोडा. पक्क्या घरात जा, किंवा बंद मोटारीत बसा. झाडाखाली उभे राहू नका. विहीर, नाला, तारेचे कुंपण यांपासून दूर व्हा. सगळ्यांनी एका ठिकाणी गोळा होऊ नका. आसराच नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे पडू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. मगच शेतात जा.

कोणावर वीज पडली, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. १०८ क्रमांकावर फोन करा. श्वास बंद असेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, लागोपाठ दाब देत राहा. फोनवर बोलताना गावाचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव स्पष्ट सांगा. "कारंजा" एवढेच म्हणू नका. "वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे" असे म्हणा. समोरच्याला तुमची जागा कळलीच असेल, असे धरून चालू नका.

पूर्वीचा अंगठा, आताचे बोट

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट.

जो फोन आपली जागा ओळखून आपला जीव वाचवू शकतो, तोच फोन आपली जागा दुसऱ्यालाही सांगू शकतो. तुम्ही रात्री कोठे असता, बाजाराला कधी जाता, कोणत्या डॉक्टरकडे जाता, घर कधी रिकामे असते, हे सारे जागेवरून कळते. आपल्या गल्लीतल्या माणसालाही आपण हे सगळे सांगत नाही. मग अनोळखी माणसाला का सांगावे?

म्हणून ॲपने आधी परवानगी विचारावी, अशी फोनमध्ये सोय आहे. ॲप नवीन घेतले, की पडद्यावर प्रश्न येतो. तुमची जागा पाहू का? तुमच्याकडचे नंबर पाहू का? तुमचे फोटो पाहू का? खाली साधारण तीन उत्तरे असतात. ॲप वापरत असताना पहा. फक्त या वेळी पहा. पाहू नका.

येथे घाई करू नये. प्रश्न वाचावा. मग मनाला विचारावे, या कामाला ही माहिती लागते काय? विजेचा इशारा देणाऱ्याला जागा लागते. त्याला ती दिल्यावाचून काम होणार नाही. पण टॉर्च लावणाऱ्या ॲपला आपल्या गणगोताचे नंबर कशाला हवेत? कर्ज देतो म्हणणाऱ्याला घरातले फोटो कशाला हवेत? तेथे "पाहू नका" म्हणावे. एकदा हो म्हटले, तरी पुढे फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेता येते.

ही नुसती सोय नाही, हा आपला हक्क आहे. माणसाचे खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. लोकांच्या माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला. माहिती वापरण्याची संमती मागताना ती मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणजे मराठीत विचारा, असे म्हणण्याला कायद्याचा आधार आहे.

पूर्वी सावकार कागद पुढे करी. त्यावर काय लिहिले आहे, ते गरिबाला कळत नसे. तो शाईत अंगठा बुडवी आणि कागदावर उठवी. पुढे शेत गेले, की त्याला समजे, आपण काय कबूल केले होते. आता कागदाच्या जागी काच आली आहे. अंगठ्याच्या जागी बोट आले आहे. पण न वाचता उठवलेला अंगठा आणि न वाचता टेकवलेले बोट यांत फरक नाही.

फरक तुमच्यात झाला आहे. तुम्ही आता वाचू शकता.

फोनला जागा कळते, वेळ कळते, उजेड आणि अंधार कळतो. पण तुमचे भले कशात आहे, हे त्याला कळत नाही. ते तुम्हालाच ठरवायचे आहे. फोनने वेळकाळ ओळखावा, प्रसंगावधान आपण ठेवावे.

वाचून झाल्यावर

१. आपल्या गावाच्या नावाचे दुसरे गाव कोठे आहे काय? वर्गात विचारा.

२. वीज चमकल्यावर गडगडाट पंधरा सेकंदांनी ऐकू आला. वीज किती किलोमीटरवर पडली?

३. घरातल्या फोनमध्ये कोणकोणत्या ॲपला जागा पाहण्याची परवानगी दिली आहे, ते मुलांच्या मदतीने पहा. कोणाची परवानगी काढून घ्यावी, ते मात्र स्वतः वाचून ठरवा.